मूर्ख प्रश्नांची आरती

समर्थ रामदासांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी उघडला आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी मिटवला. मराठी मुलखात मूर्खपणाची इतकी पद्धतशीर खानेसुमारी साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालेली असल्यामुळे आपल्याकडे मूर्ख चटकन ओळखू येतो. सभेत तो बोलायला उभा राहिला की मागचा त्याचा सदरा ओढतो, शेजारचा घड्याळाकडे बघतो आणि व्यासपीठावरून चहाची घोषणा होते. मला आज त्या मूर्खाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे.

मी म्हणतो तो मूर्ख साधा असतो. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते तो मोठ्याने विचारतो, एवढाच त्याचा दोष. शहाण्या माणसाला प्रश्न पडत नाहीत असं नाही. पण कोणता प्रश्न आपल्या वाट्याचा आणि कोणता दुसऱ्याच्या, हे त्याला पक्कं कळतं. मूर्खाला ही वाटणी कळत नाही. आपल्या समाजाने गेल्या काही वर्षांत जी थोडीफार लाज राखली, ती या न कळण्याच्या जोरावर राखली.

बीडचं उदाहरण घेतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतली गावं रिकामी होतात. घराला कुलूप किंवा दारात म्हातारी, आणि बाकी सगळे ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर-ट्रकमधून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात. जाण्याआधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. पन्नास हजार, कधी लाख, कधी त्याहून जास्त. ती एका कोयत्याला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. पहाटे चारला फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला कोपी, म्हणजे झोपडी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी दुरून आणायचं. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही तर तो खाडा. खाड्याचे पाचशे रुपये किंवा जास्त कापले जातात, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

आता या हिशोबात पाळी बसवून बघा. महिन्यातून तीन-चार दिवस पोटात दुखतंय, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि घरी थांबलं तर कोयत्याचा खाडा. दोन-तीन हंगामांत अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. हंगाम संपवून गावी आलं की तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं की गर्भाची पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पिशवी काढायला पैसे लागतात. ते पुढच्या उचलीतून येतात. पुढची उचल फेडायला पुढचा हंगाम.

वयाची तिशी नुकती ओलांडलेल्या बायका. काहींची तिशीही व्हायची असते. लवकर लग्न, लवकर मुलं, त्यामुळे सगळंच लवकर. पिशवीबरोबर बऱ्याचदा अंडाशयंही काढली जातात, मग हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, आणि मोळी तर तेवढ्याच वजनाची असते.

हे गुपित नव्हतं. मुकादमाला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, औषधाच्या दुकानदाराला, सरपंचाला, ऑपरेशनसाठी ज्याच्याकडे मंगळसूत्र गहाण पडलं त्या सोनारालाही माहीत होतं. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, कारण निम्म्या आळीचं झालेलं असायचं. कोणी काही लपवलं नाही, कोणी कागद फाडले नाहीत, कट तर मुळीच नव्हता. समाज म्हणून न बघणं याच रीतीने चालतं. सत्य जागच्या जागी असतं, दिवसाउजेडी असतं, फक्त त्याचे इतके बारीक वाटे झालेले असतात की कुणाच्याही हातातला तुकडा एकटा बघितला तर तो साजरा दिसतो.

ते वाटे जरा नीट पाहू, कारण शहाणपणाची खरी कारागिरी त्यांत आहे.

साखर कारखान्याला विचारा. तो सांगेल की हे कामगार आमचे नाहीत. आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे, ठेकेदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी. कारखान्याच्या हजेरीपटावर या बाईचं नाव नाही, हे उत्तर तंतोतंत खरं आहे. मुकादम म्हणेल, मी उचल दिली. त्यांनी तिचं लग्न केलं, घर बांधलं की दवाखाना केला, ते मी कशाला विचारू? हेही खरं. डॉक्टर संमतीपत्र दाखवेल. बाई स्वतः आली होती, त्रास होता, अंगठा आहे, नवऱ्याची सही आहे. नवरा म्हणेल, दोन पोरं झाली, एक पोरगी झाली, आता पिशवीचं काय करायचं? ऊसवाला शेतकरी म्हणेल की माझा ऊस अठरा महिने उभा होता, तोड लांबली की वजन घटतं, मला टोळी वेळेवर हवी. त्याची घालमेल ज्याने बघितली आहे तो त्याला दोष देणार नाही. सरकार म्हणेल की शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या. आणि शहरात चहात साखर ढवळणारा म्हणेल की किलोमागे चार रुपये वाढले.

बाईलाही विचारा. ती म्हणेल, कटकट गेली एकदाची. तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिच्यासमोर जो हिशोब ठेवला गेला होता त्यात तिने वजाबाकी अचूक केली. एका बाजूला दरमहा खाडा, दुसऱ्या बाजूला एकदाच पंचवीस-तीस हजार. हिशोब तिने मांडला नव्हता.

प्रत्येकाचं उत्तर खरं, प्रत्येकाचं उत्तर समंजस. सगळी एकत्र ठेवली की समोर येते पस्तिशीच्या आत पिशवी गेलेली बाई, आणि ती काढणारं कोणीच नाही.

हा सगळा उद्योग मोजमापाच्या बाबतीत ढिला आहे असं कुणी समजू नये. साखर कारखानदारीइतकं काटेकोर मोजणारा धंदा महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही. साखरेचा उतारा रोज निघतो आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जातो. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, सध्या 10.25 टक्के उताऱ्याला बांधलेली आहे, वर-खाली झालं की दर हलतो. किती टन गाळप, किती दिवस कारखाना बंद, किती बगॅस, किती मळी, किती युनिट वीज, सगळं अहवालात असतं. वजनकाट्यावरून आंदोलनं झाली, काटामारीचा प्रश्न गावोगाव गाजला, कारण तिथे प्रश्न विचारणाऱ्याकडे ऊस होता आणि सातबारा होता. 2021-22 च्या हंगामात राज्याने सुमारे 137 लाख टन साखर काढली. त्या साखरेमागे किती बायकांनी पिशव्या काढून घेतल्या, याचं मोजमाप मात्र 2019 पर्यंत सरकारदरबारी नव्हतं. मोजण्याची अडचण नव्हती. विचारायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं.

मग मूर्ख आले.

महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना आणि गावोगावच्या कार्यकर्त्या आधीपासून कोप्यांत जाऊन विचारत होत्या, आणि त्यांना कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. एप्रिल 2019 मध्ये बिझनेसलाइनने बीडच्या बायकांवर वृत्तांत छापला. त्यातला प्रश्न इतका प्राथमिक होता की पत्रकारितेच्या वर्गात कुणी विचारला असता तर हसं झालं असतं. एकाच जिल्ह्यातल्या इतक्या तरुण बायकांना गर्भाशय का नाही? राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांकडे विचारणा केली. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी माहिती दिली की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. हा आकडा दवाखान्यांच्या नोंदींतून निघाला होता. त्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यांत गर्भाशय काढलेल्या 13,861 निघाल्या. म्हणजे दर सहा बायकांमागे एक, जवळजवळ सतरा टक्के.

2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशात 3.2 टक्के आणि महाराष्ट्रात 2.6 टक्के होतं. बीडच्या गणनेत वयस्क बायकाही असतील हे धरलं तरी सतरा आणि तीन यांतलं अंतर वयाने भरून निघणारं नाही.

या सगळ्यात कुठे विद्वत्ता लागली? संशोधनाची नवी पद्धत लागली? बाईला विचारायचं, तुझी पिशवी आहे का. तिने हो किंवा नाही म्हणायचं. वर्षानुवर्षं ती सांगायला तयार होती. हा प्रश्न विचारणं शहाण्यासुरत्या माणसाला शोभत नाही, एवढीच काय ती आडकाठी होती.

न शोभणाऱ्या प्रश्नांची आपल्याकडे परंपरा आहे आणि तिचा मूळपुरुष गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. बाळंतपणं बाईच्या अंगावर पडतात तर किती व्हावीत हे तिला का विचारू नये, असल्या गोष्टी ते महिनोन् महिने लिहीत राहिले. वर्गणीदार थोडे, शिव्या भरपूर. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरोधातच गेला. त्या काळातले शहाणे लोक काही दुष्ट नव्हते. घरात दर दीड वर्षाला पाळणा हलतो आणि सून खंगत जाते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण तो विषय बाळंतिणीच्या खोलीतला, आणि त्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं. 2001 मध्ये कर्व्यांवर 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला आणि त्याचं कौतुक झालं. मूर्ख माणूस पुरेसा जुना झाला की आपण त्याला द्रष्टा म्हणतो. माझी मागणी इतकीच आहे की ही बढती थोडी लवकर मिळावी.

बीडकडे परत येतो, कारण प्रश्न विचारून झाल्यावर पुढे काय झालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्य एकदा आकड्यासकट अंगणात येऊन बसलं की त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. अशा वेळी समाज त्याच्याकडे बघतो, पण त्यातला जो भाग बघायला स्वस्त असेल तेवढाच बघतो. इथे स्वस्त भाग डॉक्टरांचा होता. खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. नियम चांगला आहे, हवाच होता. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय बिहार, छत्तीसगड, राजस्थानातूनही सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी अंमलात आणावीत, असा आदेश 2023 मध्ये झाला. त्याच वर्षी ऊसतोड मजुरांच्या हलाखीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बालविवाहापासून पिशवीपर्यंत सगळं लिहिलं. कोकाकोला आणि पेप्सिको महाराष्ट्रातली साखर घेतात, हेही त्यात होतं. मग चार दिवस इथेही चर्चा झाली. त्या चर्चेत बराच वेळ 'महाराष्ट्राची बदनामी' या विषयाला गेला.

पण मूर्खाचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. परवानगी नाकारली गेलेली बाई परत फडात गेली, तेव्हा तिच्या पाळीचं काय झालं?

संडास आला का? पाणी आलं का? खाडा गेला का? शस्त्रक्रियेला चाप लागला म्हणजे पोटदुखीला चाप लागला असं नाही. जिचा आजार फडात आहे तिच्यासाठी नियम दवाखान्याच्या दारावर लावला गेला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि ती संघर्ष करून मिळवलेली आहे, तिचं मोल कमी नाही. टनाचा दर वाढला. आजारी दिवसाचा दर मात्र शून्याच्या खालीच आहे, कारण त्या दिवशी मिळत काही नाही, उलट कापलं जातं. दुकानात, बँकेत, शाळेत, कारखान्याच्या स्वतःच्या कार्यालयात आजारपणाची रजा असते. तीच बाई त्याच कारखान्याच्या हजेरीपटावर असती तर बाळंतपणाची पगारी रजाही मिळाली असती. ती पटावर नाही, हे पहिल्या उत्तरातच आलं होतं. सगळी गाठ तिथे आहे. आणि ती गाठ सोडवायला डॉक्टर लागत नाही, कायदा करणारे आणि कारखाना चालवणारे लागतात. बऱ्याच ठिकाणी ही दोन्ही कामं एकच माणूस करतो. त्याला हा प्रश्न सुचत नाही असं मला वाटत नाही. तो विचारण्याची वेळ त्याच्या पंचांगात येत नाही.

पटावर नसण्याची ही युक्ती उसापुरती नाही. जुलै 2021 मध्ये राज्यसभेत केंद्र सरकारने सांगितलं की हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मेली होती, त्यांचे आकडे सरकारनेच वेगळ्या उत्तरांत दिलेले होते. पण ते मृत्यू 'धोकादायक सफाई'च्या रकान्यात होते. दोन रकाने, दोन्ही खरे. मधल्या रेघेखाली माणूस गेला. तिथेही कुणाला तरी उठून विचारावं लागलं की साहेब, टाकीत काय होतं?

अशा माणसांविषयी मला कृतज्ञता वाटते ती त्यांच्या धैर्यापेक्षाही त्यांच्या चिकाटीबद्दल. धैर्य एका दिवसाचं असू शकतं. प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात जो कंटाळवाणेपणा आहे, लोकांच्या चेहऱ्यावरची "आला हा" ही रेषा दरवेळी बघण्यात जो अपमान आहे, तो वर्षानुवर्षं सोसावा लागतो. कोप्याकोप्यांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्या तो सोसतात. त्यांना पुरस्कार क्वचित मिळतात. त्यांच्या नोंदवह्यांतली माहिती मात्र पुढे अहवालांत, निकालपत्रांत आणि परदेशी वर्तमानपत्रांत जाते. त्यांच्या वह्यांत डाग असतात, नावं अर्धी असतात, वयं अंदाजाने असतात. कारण वय विचारलं की बाई आधी मोठ्या मुलीचं सांगते आणि त्यावरून स्वतःचं काढते. शहाण्यांना हे पुरावे कच्चे वाटतात. 82,309 बायकांना शेवटी तेच विचारलं गेलं जे या वह्यांत होतं.

या मूर्खांची संख्या वाढवायची असेल तर जागा तयार आहे. 1948 साली प्रवरानगरच्या कारखान्याची नोंदणी झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या कल्पनेवर तो उभारला, त्या कल्पनेत शेतकरी सभासद हाच मालक आहे. आजही कागदोपत्री तो मालक आहे. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे टोळ्या निघण्याच्या महिनाभर आधी. अहवाल छापून सभासदाच्या घरी येतो. सभेत विषय वाचायला सुरुवात होण्याआधीच पहिल्या रांगा "मंजूर, मंजूर" ओरडतात, पाऊण तासात सगळे विषय संपतात आणि जेवणं होतात. प्रश्न विचारायचा तर तो काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो, असं नोटिशीच्या तळाला बारीक अक्षरात असतं.

तो लेखी द्यावा. गेल्या हंगामात आपल्या कारखान्यासाठी किती कोयते आले, त्यांत बायका किती, त्यांच्यासाठी संडास किती आणि पाण्याचे टँकर किती, खाड्यापोटी एकूण किती रक्कम कापली गेली आणि ती कुणाच्या खात्यात गेली. उत्तर येईल की ही माहिती ठेकेदाराकडे आहे. मग ती ठेकेदाराकडून मागवून पुढच्या अहवालात उताऱ्याच्या रकान्याशेजारी छापावी, अशी सूचना मांडावी आणि ती इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय माइक सोडू नये. सदरा ओढला जाईल. जेवणाच्या पंगतीत शेजारचा बोलणार नाही. सूचना नामंजूर झाली, तर पुढच्या सप्टेंबरमध्ये तीच पुन्हा द्यावी, आणि सोबत आणखी एका सभासदाची सही आणावी.